खरपूस, लागट, करपट : मिल्क स्टाऊटच्या चवीला मराठी शब्द

मी वाळूजला एका बियर कारखान्याच्या प्रयोगशाळेत कामाला आहे. चव आणि वास तपासायच्या टेबलावर बसणं हा आमच्या कामाचाच भाग. तिथं भरायचा तक्ता इंग्रजीत आणि भरणारी पोरं गंगापूर, पैठण, भूमकडची. नाक तल्लख, जीभ त्याहून तल्लख, पण तक्ता पुढ्यात आला की सगळे गप्प. म्हणून मी तो मराठीत करायला घेतलाय. साध्या बियरचं जमलं. मिल्क स्टाऊटपाशी गाडी अडली आहे.

ज्यांनी ही घेतलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. स्टाऊट म्हणजे मुळात दणकट, जोरकस. इंग्लंडात कडक बियरला हे विशेषण लावत, पुढे ते काळ्या बियरचं नावच होऊन बसलं. आणि मिल्क म्हणजे दूध नव्हे, दुधातली साखर. बियरचं यीस्ट माल्टमधली, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या सातूमधली, बहुतेक साखर खाऊन तिचा मद्यार्क करतं, पण ही दुग्धशर्करा त्याला पचत नाही. ती बियरमध्ये तशीच राहते, त्यामुळे बियर दाट आणि गोडसर लागते. गोडी तरी केवढी, आपल्या साखरेच्या साधारण सहाव्या हिश्शाची. मद्यार्क बेताचा, बहुधा ४ ते ६ टक्के. इंग्लंडात मॅकेसन नावाच्या स्टाऊटच्या लेबलावर दुधाचा कॅन छापलेला असायचा. १९४६ साली तिथल्या सरकारनं लेबलावर ‘मिल्क’ लिहायला बंदी घातली. लोकांच्या तोंडी मात्र ते नाव राहिलंच.

आता मुद्द्यावर येतो. मागच्या महिन्यात प्रयोगाखातर केलेल्या तीन घाण्यांचे तीन ग्लास टेबलावर होते. फ्रीजमधून काढून थोडा वेळ बाहेर ठेवलेले, कारण फार थंड बियरचा वास खुलत नाही. ही १०-१२ अंशांवर बोलायला लागते. रंग काळाभोर, ग्लास उजेडाकडे तिरपा धरला की काठाशी तांबूस. वर बदामी फेस.

आमच्यातला एक पोरगा भूम तालुक्यातला. घरी खव्याची भट्टी, लहानपण कढईपाशी गेलेलं. त्यानं पहिला ग्लास हुंगला, एक घोट तोंडात घोळवून गिळला आणि म्हणाला, “सर, हे खरवडीवानी लागायलंय.” दुसरा हुंगला. “ह्ये लागलंय.” मी विचारलं, काय लागलंय? “दूध बुडाला लागल्यावर कसं, तसं.” तिसऱ्याला त्यानं फक्त मान हलवली. “करपलंय ह्ये.”

माझ्या इंग्रजी तक्त्यात या तिन्हींसाठी एकच रकाना होता, ‘भाजल्याची चव’, एक ते पाच गुण. मी तीन, तीन, चार लिहिले होते.

मग नोंदवह्या काढल्या. पहिल्या घाण्यात भाजलेल्या सातूचं प्रमाण नेहमीचं. तिसऱ्यात काळं माल्ट मुद्दाम वाढवलेलं. आणि दुसऱ्यात? दुग्धशर्करा उकळत्या काढ्यात ओतताना खालची आच बंद केली नव्हती, नीट ढवळलंही नव्हतं. पूड बुडाशी बसली आणि खरोखरच लागली. पोराला यातलं काही ठाऊक नव्हतं. त्याच्या शब्दानं चव तर सांगितलीच, चूक कुठं झाली तेही सांगितलं. ‘लागणे’ या एकाच क्रियापदात चव कळणं आणि बुडाशी चिकटून जळणं, दोन्ही बसतं, हे मला त्या दिवशी नव्यानं जाणवलं.

म्हणून भाजल्याच्या चवीची मराठी उतरंड मी अशी लावली आहे. ‘खमंग’ हा मुख्यतः वासाचा शब्द, भाजताना घरभर सुटतो तो. ‘खरपूस’ वास आणि चव दोन्हींचा, भाकरीच्या पापुद्र्यावर ठिपके पडतात तिथला. पुढे ‘खरवड’, म्हणजे दूध आटवल्यावर कढईच्या कडेला नि बुडाला राहतं ते तांबूस, गोड खरवडून काढलेलं. चांगल्या मिल्क स्टाऊटला याहून नेमका शब्द मला सापडलेला नाही, कारण भाजणं आणि दुधाची गोडी त्यात एकत्र आहेत. त्यापलीकडे ‘लागट’ आणि ‘करपट’. लागट म्हणजे बुडाशी जळलेलं, करपट म्हणजे सगळीकडून. ‘धुरकट’ वेगळा, तो धुराचा. स्टाऊटमध्ये तो सहसा नसावा.

एक निरीक्षण. करपट, लागट, धुरकट, पाणचट, गुळचट, तेलकट, खवट. शेवटच्या ‘ट’मध्ये नापसंती भरलेली आहे. आंबट, तुरट, तिखट यांत ती नाही, ती नुसती चवीची नावं आहेत. पण ‘कडू’चं ‘कडवट’ केलं की तोंड किंचित वाकडं होतं, ‘कडसर’ म्हटलं तर होत नाही. तक्ता भरताना हा फरक फार उपयोगी आहे. मला स्टाऊट कडसर हवी, कडवट नको.

‘कडू’चीही गंमत आहे. तो संस्कृत ‘कटु’पासून आला, पण आयुर्वेदाच्या सहा रसांत कटु म्हणजे तिखट आणि कडूला तिक्त म्हणतात. शब्द एका चवीवरून उठून दुसरीवर जाऊन बसला.

गोडीकडे येऊ. ‘गोडसर’ ठीक. ‘गुळचट’ दोष, कारण त्यात कडूचा आधार सुटलेला असतो. आणि दोन घोटांत तोंडाला मिठी बसली तर बियर फसली. आता ‘दुधाळ’. इथं सावध राहा. दुग्धशर्करेला वास जवळजवळ नसतोच. म्हणून कुणी ‘दुधाचा, लोण्याचा वास येतोय’ असं लिहिलं तर मी साखरेकडे नाही, डायअॅसिटिल या लोण्याच्या वासाच्या रसायनाकडे बघतो. ते यीस्टच आंबताना तयार करतं आणि शेवटी वेळ दिला तर स्वतःच परत घेतं. घाई केली की लोण्याचा वास मागे राहतो. तेव्हा तक्त्यात ‘दुधाळ’ चवीच्या रकान्यात आणि ‘लोणकट’ दोषाच्या रकान्यात. (‘लोणकट’ मीच केलाय. खटकत असेल तर सांगा.)

अडलंय ते इथं : इंग्रजीत ज्याला बॉडी म्हणतात, तोंडात जाणवणारं वजन, त्याला काय म्हणावं? ‘दाटपणा’ लिहिलं की पोरांना वाटतं बियर चमच्यानं खायची.

प्रतिसाद (परभणीहून) :
‘लोणकट’ नको. ‘लोणकढी’ची आठवण होते आणि अर्थ भलतीकडे जातो. सरळ ‘लोण्याचा वास’ लिहा, दोन शब्द झाले तर काय बिघडलं? बॉडीला ‘भरीवपणा’ कसा वाटतो? उलट बाजूला ‘पाणचट’ आहेच.

धागाकर्ता :
मान्य, ‘लोणकट’ काढला. ‘भरीव’ला माझी हरकत एवढीच की तो दागिन्याचा, मूर्तीचा शब्द. पोकळच्या उलट. जिभेवर तो येत नाही.

प्रतिसाद (भूमहून) :
आमच्याकडं भट्टीवर दोन वेगळे शब्द आहेत. दूध आटतं म्हणजे कमी होतं, आणि आळतं म्हणजे दाट होतं. आटलं तरी आळलं असं नाही, म्हशीच्या आणि गायीच्या दुधात हा फरक लगेच कळतो. पण तुमच्या बियरला मी ‘मिळून आली’ म्हणेन. सासूबाई वरणाला म्हणायच्या, पाणी वेगळं डाळ वेगळी राहिली नाही की ‘मिळून आलंय बघ’. तुमच्या त्या भूमच्या पोराला विचारा, त्याच्या आईच्या तोंडी हाच शब्द असेल.

धागाकर्ता :
ताई, विचारलं. तुमचा शब्द ऐकताच तो हसला नि म्हणाला, “मग काय, मिळून यायलाच पाहिजे की.” तरी मी दोन्ही ठेवतोय. ‘आळलेली’ हे वजनासाठी, म्हणजे घोट जिभेवर किती जड बसतो त्यासाठी. ‘मिळून आलेली’ हे गोड, कडू आणि भाजल्याची चव एकमेकांत किती मुरली त्यासाठी. एखादी स्टाऊट चांगली आळलेली असते, पण मिळून आलेली नसते. आधी नुसतं गोड लागतं आणि मागून कडू वेगळं येतं. आमचा तिसरा ग्लास नेमका तसा होता.

प्रतिसाद (जालन्याहून) :
गॅस उडालेल्या बियरला ‘मचूळ’ चालेल का?

धागाकर्ता :
मचूळ आमच्याकडं विहिरीच्या पाण्याला म्हणतात, खारट-बेचव. गॅस उडालेलीला आमची पोरं ‘बसलेली’ म्हणतात, फेस बसला तसा. मी तेच लिहिलंय. पण जालन्यात मचूळ कशाकशाला लावतात ते सांगा, सोड्याला लावत असतील तर बदलतो.