वडिलांचे युरिक ॲसिड ८.९ आहे, गोळी आयुष्यभर घ्यावी लागेल का?

खाडीकाठ:
सर्वांना नमस्कार. माझे वडील ६१ वर्षांचे असून आम्ही रत्नागिरी जिल्ह्यात राहतो. गेल्या वर्षी आषाढ अमावास्येला मटण आणि थोडे मद्य झाले, आणि दोनच दिवसांनी पहाटे त्यांच्या उजव्या पायाच्या अंगठ्याचे मूळ इतके सुजले की पांघरुणाचा काठ लागला तरी ते कळवळत होते. कातडी लालभडक होऊन चकाकत होती. त्या दिवशीच्या तपासणीत युरिक ॲसिड ६.४ आले, म्हणून तेव्हाच्या डॉक्टरांनी गाऊट (युरिक ॲसिड सांध्यात साचून होणारी सांधेदुखी) नाही असे सांगितले. त्यानंतर आणखी दोनदा, एकदा अंगठ्यात आणि एकदा घोट्यात, तसाच ठणका लागला. आता तपासणीत ८.९ आले असून दुसऱ्या डॉक्टरांनी युरिक ॲसिड कमी करणारे ॲलोप्युरिनॉल १०० मिलिग्रॅम सुरू केले. परंतु दहाव्या दिवशी पुन्हा सांधा सुजला, आणि गोळीनेच त्रास झाला असे समजून वडिलांनी ती बंद केली. घरी डाळ, उसळी, पालक, टोमॅटो, मासे सगळे बंद आहे. ते ताकभातावर राहतात आणि त्यांचे वजन उतरले आहे. शेजारच्या एकांनी कळलावीचा कंद उगाळून द्यायला सांगितले आहे. रक्तदाबाची गोळी चार वर्षे चालू आहे. पुढे काय करावे, याबद्दल अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

मुक्काम_सातारा:
मी स्वतः १४ वर्षे या विकाराचा रुग्ण आहे, त्यामुळे वडिलांची ती पहाट मला चांगली कळते. सर्वांत आधी एक सांगतो: ठणका चालू असताना युरिक ॲसिड पुष्कळदा नेहमीपेक्षा कमी दिसते, म्हणून त्या दिवशीच्या ६.४ वरून गाऊट नाही असे म्हणता येत नव्हते. सूज उतरल्यावर दोन ते चार आठवड्यांनी केलेली तपासणी अधिक भरवशाची असते.

गोळीने त्रास झाला हा वडिलांचा समज चुकीचा असला तरी स्वाभाविक आहे, कारण माझीही पहिल्या वर्षी हीच चूक झाली आणि पुढची तीन वर्षे मी गोळी धरसोड करत घेतली. रक्तातील युरिक ॲसिड साधारण ६.८ मिलिग्रॅमच्या वर गेले की ते सांध्यात सुईसारख्या स्फटिकांच्या रूपाने साचू लागते. औषधाने रक्तातील प्रमाण उतरू लागले की जुना साठा सुटू लागतो, आणि टाकी उपसताना तळाचा गाळ ढवळून वर यावा तसे हे स्फटिक हलून सांधा पुन्हा भडकतो. म्हणूनच पहिले तीन ते सहा महिने ॲलोप्युरिनॉलच्या जोडीला अल्प मात्रेत कोल्चिसिन हे ठणका रोखणारे औषध देतात. वडिलांना ते दिले होते का, हे डॉक्टरांना जरूर विचारा. एकदा सुरू झालेले ॲलोप्युरिनॉल मधे सांधा दुखला तरी बंद करायचे नसते. शिवाय १०० ही केवळ सुरुवातीची मात्रा आहे. दर काही आठवड्यांनी रक्त तपासत ती युरिक ॲसिड ६ च्या खाली येईपर्यंत वाढवावी लागते. मला ३०० लागले, आणि गेली सहा वर्षे एकही ठणका आलेला नाही. आयुष्यभर का, या प्रश्नाचे माझे उत्तर बहुधा होय असेच आहे.

पथ्याबद्दल मला फार कळकळीने लिहावेसे वाटते. शरीरातील बहुतांश युरिक ॲसिड आपल्याच पेशींच्या उलाढालीतून तयार होते, अन्नातून येणारा वाटा लहान असतो, आणि बहुतेक रुग्णांमध्ये खरी अडचण मूत्रपिंडे ते पुरेसे बाहेर टाकत नाहीत ही असते. डाळी, पालक यांमुळे गाऊट वाढत असल्याचे मोठ्या अभ्यासांत दिसलेले नाही. त्यांना वरण, उसळ खाऊ द्या. टोमॅटोचा त्रास काही थोड्यांनाच जाणवतो, तसा अनुभव असेल तरच टाळावा. ताक आणि दूध तर चांगलेच आहे. बिअर व इतर मद्य, कलेजी, साखरेची थंड पेये ही मात्र खरोखर सोडावीत, आणि मटण, तारली, बांगडा, कोलंबी, सुकट यांवर हात आखडता घ्यावा. कडक उपवास, पाणी कमी पिणे आणि झपाट्याने वजन उतरणे यांनीही ठणका येतो.

पारिजात:
मी औषधवैद्यक विभागात अनेक वर्षे काम केले आहे. वरील प्रतिसादाशी सहमत असून तीन गोष्टी जोडते.

कळलावी कोणत्याही परिस्थितीत पोटात देऊ नका. तिच्या कंदात आणि बियांत कोल्चिसिनच असते, म्हणून हा उपाय कानावर येतो. परंतु उगाळलेल्या कंदात ते किती उतरले याला माप नाही, आणि उपयोगी मात्रा व घातक मात्रा यांतील अंतर इतके थोडे आहे की कळलावीच्या विषबाधेने माणसे दगावतात.

दुसरे म्हणजे रक्तदाबाच्या गोळीची पट्टी उलटी करून घटक वाचा. लघवी वाढवणारी थायझाइड गटातील औषधे युरिक ॲसिड वाढवतात, तर लोसार्टन ते किंचित कमी करते. मात्र गोळी स्वतःहून बदलू नका. पुन्हा ॲलोप्युरिनॉल सुरू करण्यापूर्वी क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचे काम कळण्यासाठीची रक्ततपासणी) तपासून घ्या, आणि अंगावर पुरळ उठले किंवा तोंडात फोड आले तर, सांधेदुखीत सोडू नये असे वर म्हटले असले तरी, ते त्याच क्षणी थांबवून रुग्णालय गाठा. सुजेबरोबर थंडी वाजून ताप आला तर तो सांध्यातील जंतुसंसर्ग असू शकतो. त्यात एक दिवसही घालवू नये.

तिसरे, कोपराच्या मागे आणि कानाच्या पाळीच्या काठावर युरिक ॲसिड साचून झालेली पांढरट कडक गाठ आहे का, ते उजेडात नीट पाहा. नुसता आकडा वाढलेला असून कधीच त्रास झाला नसेल तर सहसा औषध लागत नाही, पण वारंवार ठणका किंवा अशी गाठ असेल तर ते टाळू नये.

खाडीकाठ:
दोघांचेही मनापासून आभार. पट्टीवर टेल्मिसार्टन ४० आणि हायड्रोक्लोरोथायझाइड १२.५ असे लिहिले आहे. डाव्या कोपरामागे हरभऱ्याएवढी कडक गाठ लागली. वडील म्हणतात की ती दोन वर्षे आहे, दुखत नव्हती म्हणून ते बोलले नाहीत. सोमवारी डॉक्टरांकडे पट्टी, तिन्ही वेळचे अहवाल आणि कोल्चिसिनचा प्रश्न घेऊन जात आहोत. काय ठरले ते येथेच लिहीन.