हाडांचं सहा महिन्यांचं इंजेक्शन चुकलंय, आईची पाठ दुखतेय, काय करू?

मीनल_सांगली
आईचं वय ६८. दीड वर्षापूर्वी दिवाळीत अंगणात पाय घसरून पडली, मनगट मोडलं, प्लास्टर निघाल्यावर डेक्सा (हाडांची घनता मोजायची तपासणी) केलं तर कण्याचा टी-स्कोअर उणे ३.२ आला, म्हणजे हाडं बरीच ठिसूळ. डॉक्टरांनी डेनोसुमॅबचं इंजेक्शन सुरू केलं, दर सहा महिन्यांनी एक. डिसेंबर आणि जून असे दोन डोस झाले, मग ती भावाकडे कॅनडाला गेली आणि तिसरा राहिलाच, आता शेवटच्या डोसला दहा महिने झालेत. गेले पंधरा दिवस पाठ धरलीय, खाटेवरून उठताना कळ येते, ती म्हणते विमानात बसून आखडली असेल. रक्तातलं कॅल्शियम तपासलं तर ९.४, म्हणजे नॉर्मल. शेजारचे काका म्हणतात कॅल्शियम नॉर्मल आहे, कॅल्शियमची गोळी चालू आहे, रोज नाचणीची भाकरी खातेय, मग एवढं महागाचं इंजेक्शन कशाला. आईलाही ते पटलंय. मला धाकधूक वाटतेय म्हणून विचारतेय.

निशिगंध
मीनलताई, मी हार्मोनच्या विकारांच्या विभागात डॉक्टर आहे. इथून तपासता येत नाही, पण हे पुढच्या महिन्यावर ढकलू नका, याच आठवड्यात दाखवा आणि पाठीच्या कण्याचा एक्स-रे करून घ्या. तोवर आईंना वाकू देऊ नका, पाण्याची बादली, कुकर काही उचलू देऊ नका, आणि कुणाकडूनही पाठ चोळून किंवा झटका देऊन घेऊ नका.

काकांचं म्हणणं खूप जणांना बरोबर वाटतं म्हणून सविस्तर लिहिते. शरीरातलं ९९ टक्के कॅल्शियम हाडांत असतं, रक्तात अगदी थोडं, पण तेवढ्यावर हृदय, स्नायू, नसा चालतात म्हणून शरीर ते साधारण ८.५ ते १०.५ मध्ये काहीही करून टिकवतं. कमी पडलं की गळ्यातल्या चार पॅराथायरॉइड ग्रंथी हार्मोन सोडतात आणि हाडातून कॅल्शियम काढून रक्तात आणतात. घरात रोख पैसा कायम दिसतोय कारण बँकेतली ठेव मोडून खर्च चाललाय, तसं आहे हे. रक्ताचा रिपोर्ट नॉर्मल म्हणजे हाडं ठीक, असं अजिबात नाही.

आता इंजेक्शनचं. हाड रोज थोडं मोडतं, थोडं बांधलं जातं. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन कमी होतं आणि मोडणाऱ्या पेशींचा जोर वाढतो. त्या पेशी तयार व्हायला आणि कामाला लागायला जो निरोप लागतो तो हे औषध मध्येच अडवतं. काम फार चांगलं करतं, पण ते हाडात साठून राहत नाही. सहा महिने संपले की असर उतरतो आणि अडून बसलेल्या पेशी एकदम जाग्या होतात, मग हाड पहिल्यापेक्षाही वेगाने झिजतं आणि काही जणांचे मणके दबतात, कधी दोन-तीन एकत्र, न पडता. ॲलेंड्रोनेटची गोळी किंवा वर्षातून एकदाचं झोलेड्रॉनिक ॲसिडचं इंजेक्शन, यांतलं औषध हाडाला चिकटून वर्षानुवर्षं राहतं, त्यामुळे अनुक्रमे पाच किंवा तीन वर्षांनी काही पेशंटना औषधातून सुट्टी देता येते. डेनोसुमॅबला सुट्टी नसते, बंद करायचं तर लगेच दुसरं औषध लावून. हे पहिल्या डोसच्या दिवशीच पेशंटला नीट सांगायला हवं, आणि ते राहून जातं याचं मला फार वाईट वाटतं.

ठाण्याची_मावशी
डॉक्टरांनी गोळीवर आणलं तर माझं ऐकून ठेव गं. मला आठवड्याची ॲलेंड्रोनेटची ७० मिलिग्रॅमची गोळी होती, रविवारी. सात-आठ महिने मी ती चहाबरोबर घेतली आणि परत पडून राहिले, छातीत अशी जळजळ व्हायची की विचारू नको. नंतर कळलं की सकाळी उठल्याउठल्या, उपाशीपोटी, ग्लासभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि अर्धा तास आडवं व्हायचं नाही, काही खायचं-प्यायचं नाही. कॅल्शियमची गोळी तर मुळीच बरोबर नको, ती जेवणानंतर. उपाशीपोटी घेतली तरी एक टक्क्याहून कमीच अंगी लागते म्हणे, चहाबरोबर घेतली तर ती गेलीच वाया.

राहुल_नाशिक
सासूबाईंना रोजचं पेनचं इंजेक्शन आहे, टेरिपॅराटाइड, २० मायक्रोग्रॅम, फ्रिजमध्ये ठेवतो, मीच पोटावर टोचतो. ते नवीन हाड बांधतं म्हणून डॉक्टर म्हणाले, दोन वर्षांपर्यंत देतात. मीनल, तेच सुरू करा की, झिजण्यापेक्षा बांधणं बरं.

निशिगंध
राहुल, सासूबाईंसाठी ते योग्य असेल, पण डेनोसुमॅबवरून थेट त्याच्यावर गेलं तर सुरुवातीला हाडांची घनता अजून उतरते. इथे क्रम फार महत्त्वाचा आहे. उलट क्रमाने, आधी टेरिपॅराटाइड आणि मग डेनोसुमॅब, छान चालतं.

अजून एक, पुढचं इंजेक्शन घेण्याआधी कॅल्शियम, व्हिटॅमिन डी आणि क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) बघूनच घ्या. इंजेक्शनने हाडातून कॅल्शियम निघणं एकदम थांबलं आणि डी कमी असेल तर रक्तातलं कॅल्शियम घसरतं, ओठांभोवती आणि बोटांना मुंग्या, पायात गोळे. किडनी कमजोर असेल तर जास्तच जपायला लागतं.

पारगावकर
डी वाढवायचं म्हणून कुणी घाई करू नका एवढं सांगतो. बाबांना ६०,००० युनिटची पुडी आठवड्याला एक लिहिली होती, त्यांनी रोज घेतली, अडीच महिने, आणि आमच्या कुणाच्या लक्षातच आलं नाही. आधी बद्धकोष्ठ, मग सारखी तहान, रात्री पाच-सहा वेळा लघवीला, शेवटी माणसं ओळखेनात, आम्हाला वाटलं विसरण्याचा आजार सुरू झाला. कॅल्शियम १३.६ निघालं. ॲडमिट करून सलाइन, स्टिरॉइड. डी चरबीत साठतं म्हणून उतरायला कित्येक आठवडे गेले, क्रिएटिनिन अजून पूर्ण खाली आलं नाहीये. तेव्हापासून पुड्या माझ्या कपाटात असतात, दर गुरुवारी मी हातात देतो.

मीनल_सांगली
सगळ्यांचे मनापासून आभार. परवा दाखवलं. एक्स-रेमध्ये डी१२ (छातीच्या भागातला शेवटचा) आणि एल१ (कमरेतला पहिला) दोन्ही मणके दबलेत. आई न पडता हे झालं हे मला अजून झेपत नाहीये. व्हिटॅमिन डी १४ आहे, म्हणजे कमी, डॉक्टर म्हणाले आधी ते भरून घेऊ, दोन आठवड्यांनी कॅल्शियम परत बघून इंजेक्शन, आणि यापुढे एकही चुकवायचं नाही. दात पण दाखवून घ्या म्हणाले, काढायचा असेल तर आधीच काढा, कारण या औषधांवर असताना दात काढला तर क्वचित जबड्याचं हाड भरून येत नाही. भावाला सगळं वाचून दाखवलं, तो फोनवर रडायलाच लागला. आईला कमरेपासून वरपर्यंतचा ब्रेस दिलाय, तो तिला टोचतो आणि बसलं की वर सरकतो. दिवसभर घालायचा की फक्त उठता-बसताना हे विचारायचं राहिलं, सोमवारी फोन करणारच आहे. तोवर इथे कुणी वापरलाय का, आतून सुती बनियन घातला तर टोचणं कमी होतं का?