साहली अन् सेल काउंटर: आर 0.93 आला, तरी मन मानत नाही

पैनगंगेची_लॅब
यवतमाळच्या झरी जामणी तालुक्यात आरोग्य केंद्रावर लॅब टेक्निशियन आहे. उन्हाळ्यात 64 जणांचं हिमोग्लोबिन दोनदा काढलं: साहलीच्या नळीत (रंग डोळ्यानं जुळवायची जुनी पद्धत), अन् तेच रक्त सेल काउंटर मशीनवर. सहसंबंध, म्हणजे आर (दोन आकडे एका सरळ रेघेत किती चालतात, जास्तीत जास्त 1) 0.93, पी (संबंध नसताना योगायोगानं असं येण्याची शक्यता) 0.001च्या आत. साहेब म्हणाले, "जुळल्या दोन्ही पद्धती, पोस्टरात लिहून टाक." पण वहीत भलतंच दिसते. एका गरोदर बाईचं मशीनवर 11.4, साहलीत 10.3. 11च्या खाली गेली की आमच्या रजिस्टरात ॲनिमिया, मंग लोहाच्या एका गोळीच्या जागी दोन. अशा नऊ जणी निघाल्या. मंग हा 0.93 सांगते काय, राजेहो?

आकडेमोड
पी सोडा. संबंध शून्य नाही, एवढंच ती सांगते. एकाच रक्ताची दोन मोजमापं, शून्य येईलच कशी? साहलीनं दरवेळी बरोब्बर 1 ग्रॅम कमी दाखवलं असतं तरी आर पुरता 1 आला असता. ब्लँड आणि ऑल्टमन या संख्याशास्त्रज्ञांनी 1986 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हेच मांडलं. प्रत्येकाच्या दोन आकड्यांतला फरक काढा. फरकाची सरासरी घ्या, तिच्या दोन्ही अंगांना 1.96 प्रमाण विचलन (फरक सरासरीभोवती किती विखुरलेत त्याचं माप). साधारण 95 टक्के फरक त्या पट्ट्यात बसतात. एवढा फरक चालतो का, हे मात्र गणित सांगत नाही, ते डॉक्टरांनी ठरवायचं.

वावरातला_मास्तर
आमच्याकडं खेडा खरेदीवाल्याचा काटा क्विंटलमागं दोन किलो कापूस खातो. माह्या वजनाचा अन् त्याच्या वजनाचा आलेख काढा, सरळ रेघ येते. आर 1! दोन किलो गेले ते गेलेच.

आकडेमोड
हाहा, नेमकं. आणि लॅबवाले भाऊ, 64 मध्ये कोणकोण होतं? खूप कमी आणि खूप जास्तवाले एकत्र घातले की आर आपोआप फुगतो.

पैनगंगेची_लॅब
पकडलं भाऊ. सिकलसेलचे 11 रुग्ण, 7-8 वाले, अन् 20 गडी, काही 15 च्या वर. नुसत्या 33 गरोदर बायांचा काढला तं 0.81 वर उतरला. सगळ्यांचा फरक: साहली सरासरी 0.9 नं कमी, पट्टा 2.3 कमी ते 0.5 जास्त. साहेबांना दाखवलं. म्हणाले, "पोस्टर तं छापायला गेलं ना बाप्पा." नऊपैकी आठ जणींना आशाताईंनी सोमवारी परत बोलावलं. नववी माहेरी गेली, नदीपल्याड तेलंगणात, तिचा फोन लागत नाही.