मदत हवी आहे: शाळेतलं व्हायोलिन लेकीला मोठं पडतंय का?

मुलगी ९ वर्षांची. शाळेत आठवड्यातून एकदा अर्धा तास व्हायोलिन शिकवतात, पण आठ मुलं एकत्र. सरांच्या वाटणीची तीन-चार मिनिटं तिला मिळाली तर नशीब. वाद्य शाळेचंच, पाऊण मापाचं (३/४), घरी आणता येतं.

घरी वाजवताना बो (तारांवर घासायची काठी) हळूहळू ब्रिजकडे (तारा ज्यावर टेकतात त्या लाकडी पट्टीकडे) सरकतो आणि अशी किंचाळी निघते की मांजर पलंगाखाली! बोच्या केसांना राळ लावून झाली, 'ए' तार ॲपवर ४४० हर्ट्झला जुळवली. खुंट्यांना मात्र मी आता हात लावत नाही, मागे 'ई' तार तोडून बसलोय. खालच्या बारीक स्क्रूंवरच भागवतो.

मला शंका मापाचीच आहे. व्हायोलिन खांद्यावर धरून डावा हात पूर्ण ताणला तरी तिची बोटं टोकाच्या वेटोळ्याला जेमतेम टेकतात. कोपर जरा वाकवूनही वेटोळं तळव्यात यायला हवं ना? सरांकडे अर्धं माप (१/२) मागू, की वाढतं अंग म्हणून थांबू? बो सरळ राहावा म्हणून आरशासमोर सराव कुणी करून घेतलाय का? मला स्वतःला वाद्यातलं ओ की ठो कळत नाही, तेव्हा सोपं करून सांगा.