शनिवारी समोरचे जेवायला येतायत, काय करू काय नको

चिऊ: कोण कोण जागं आहे? शनिवारी आमच्या समोरच्या घरातले आजी-आजोबा, त्यांची मुलगी, जावई आणि पाच वर्षांचा नातू असे पाच जण जेवायला येतायत आमच्याकडे. मीच हौसेने बोलावलं आणि आता पोटात गोळा आलाय. मागच्या महिन्यात त्यांच्याकडे गेलो होतो त्याची फजिती फक्त आईला माहितीये

पिंट्या: सांग सांग. जे फक्त आईला माहितीये तेच ऐकायचं असतं

चिऊ: हसू नका पण. आठ महिने झाले न्यू जर्सीत येऊन आणि हे पहिलंच कोणाच्या घरी जेवणाचं बोलावणं. सहाला या म्हणाले, आम्ही आपल्या हिशोबाने सहा चाळीसला गेलो, म्हटलं बरोब्बर सहाला टपकलो तर हावरटासारखं दिसेल. तर तिकडे दोघं टेबलापाशी बसलेले, ओव्हनमधून काढलेला पदार्थ गार होऊन परत आत गेलेला. आम्ही शाकाहारी म्हणून बिचारीने मुद्दाम पालक घालून लझान्या केला होता. एक तुकडा वाढला, फार छान झाला होता. मग विचारलं अजून देऊ का, मी सवयीने नको नको म्हटलं, म्हणजे आपलं पहिलं नको असतं ना ते, तर तिने ओके म्हणून ताट उचललं की गं!! सरळ सिंकमध्ये. ह्यांनी तर कॉफीलाही नको म्हटलं, त्यांना वाटलं अजून दोनदा विचारतील. साडेनऊला घरी येऊन कुकर लावला, तीन शिट्ट्या होईपर्यंत दोघं तिथेच ओट्याला टेकून उभे होतो

पिंट्या: मेलो

मंदामावशी: अगं पण एकदाच कसं विचारतात, माणूस भिडस्त असतं की

नानाकाका (मिशिगन): मंदा, त्यांच्यात भीड हा प्रकार नसतो. तू नको म्हणालीस म्हणजे तुला नको आहे, तुझ्या शब्दाला मान दिला त्यांनी. पुन्हा विचारणं म्हणजे तुझं ऐकलंच नाही असं होतं. मी १९७४ ला आलो, इथल्या मराठी मंडळांना जोडणारं बृहन्महाराष्ट्र मंडळ निघालं १९८१ ला, त्याच्याही आधीची सात वर्षं. सांगायला कोणी नव्हतं. माझ्या प्रोफेसरांच्या घरी थँक्सगिव्हिंगला मी अख्खा दिवस रताळ्याच्या चार फोडी आणि पाव ह्यावर काढला, सगळ्याला नको नको करत. त्या बाई नंतर कोणालातरी म्हणाल्या की भारतातली मुलं फार कमी खातात

चिऊ: 😂 काका मग मी शनिवारी काय करू, आग्रह करू की नको

आई: आग्रह नाही केला तर जेवण कसलं ते. अन्न काय नुसतं पुढ्यात ठेवायचं?

बाबूदादा (जर्मनी): काकू आमच्याकडे ऑफिसातला एक जण आला होता, माझी आई, म्हणजे मंदामावशीच, तेव्हा इथे होती सहा आठवडे. तिने त्याला चौथी पुरणपोळी वाढली, तो नाही म्हणतोय आणि ही ताटावरचा त्याचा हात बाजूला करून वाढतेय. त्याने ती खाल्ली, घामाघूम झाला होता. दुसऱ्या दिवशी मला म्हणाला तुझ्या आईला मी रागावलो असं वाटलं नाही ना. आणि पान टाकायचं नाही हे त्यांच्यातही आहेच, म्हणजे दोन्हीकडून सापडला तो

मंदामावशी: मला काय माहीत. चांगला दणकट होता, म्हटलं लाजतोय

नानाकाका (मिशिगन): चिऊ, मधला मार्ग सांगतो. सगळं टेबलावर मांडून ठेव आणि सुरुवातीलाच एकदा म्हण, हवं तेवढं घ्या, भरपूर आहे, आम्हाला आवडतं लोकांनी परत परत घेतलेलं. बस. मग ते आपल्या हाताने घेतात. तू पातेलं घेऊन मागे फिरू नकोस. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आजच मेसेज करून विचार की कोणाला काही चालत नाही का, ॲलर्जी आहे का. लहान मूल आहे म्हणालीस

चिऊ: हो काका विचारते. मेनू मंदामावशीने सांगितलाय साबुदाणा वडे, भरली वांगी, काकडीची कोशिंबीर, मसालेभात, श्रीखंड पुरी

(दीड तासाने)

चिऊ: बापरे. नातवाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे, जबरदस्त, सोबत इंजेक्शन घेऊन फिरतात ते. तीळ पण नाही. काजू बदाम पिस्ते सगळंच नाही. आता मेनू बघा. साबुदाणा वडे कूट. वांगी कूट आणि तीळ. कोशिंबीर कूट. मसालेभात काजू. श्रीखंडावर चारोळी. एक पदार्थ शिल्लक राहिला नाही, पुरी सोडून

पिंट्या: म्हणजे मंदामावशीने पोराला संपवायचाच बेत केला होता

मंदामावशी: गप रे. कुटाशिवाय आपल्याकडे होतं तरी काय

नानाकाका (मिशिगन): हे हसण्यावारी नेऊ नका. माझे वडील इथे आले होते तेव्हाची गोष्ट, अंगणात खुर्ची टाकून बसायचे, शेजारचं पोर कुंपणापाशी आलं तर ह्यांनी खिशातला दाण्याचा लाडू काढून दिला, प्रेमाने. ती आई आतून ओरडत धावत आली, पोराच्या हातातून लाडू पाडला, हात पुसले, तोंड उघडून बघितलं. खाल्ला नव्हता त्याने अजून. आबा दोन दिवस अंगणात बसले नाहीत, त्यांना वाटलं आपला लाडू तिला घाण वाटला. मी समजावलं पण त्यांना ते पटलंच नाही की दाण्याने माणूस मरतो. इथे २००४ च्या कायद्याने आठ पदार्थ पाकिटावर लिहावेच लागतात, दूध, अंडी, मासे, कोळंबी-खेकडे वगैरे, काजू-बदाम गटातले, शेंगदाणे, गहू, सोयाबीन. २०२३ पासून तीळ नववा. तुम्ही आपलं लेबल वाचायची सवय लावा, आणि दुसऱ्याच्या पोराला आईबापाला विचारल्याशिवाय गोळीसुद्धा द्यायची नाही

आई: आबांनी सांगितलं होतं हे मला, पण त्यांच्या सांगण्यात ती बाईच वेडी होती

बाबूदादा (जर्मनी): चिऊ नुसतं कूट न घालून भागणार नाही. ज्या मिक्सरमध्ये कूट करतेस तो नीट धू, झाऱ्या, पोळपाट सगळंच. तेल कुठलं आहे बघ, शेंगदाणा तेल नको. आणि कोणाला गहू चालत नसेल तर हिंगाच्या डबीवर पण वाच, बऱ्याच हिंगात गव्हाचं पीठ असतं. माझ्या टीममधल्या एकीला गहू चालत नाही, तिच्यासाठी मी मोठ्या ऐटीत फक्त बेसनाचं पिठलं केलं आणि ऐनवेळी डबी वाचली

चिऊ: गहू चालतो त्यांना सुदैवाने. मग बटाटेवडा, टोमॅटोचं सार, काजू न घालता मसालेभात, पुरी, साधं केशरी श्रीखंड. दही त्यांनाच विचारून आणलं, पाकीट दाखवून

आज्जी (पिंट्या टाइप करतोय): तिखट बेताचं घाल. आणि त्या लोकांना नावाने हाक मारतेस का गं

चिऊ: आज्जी तोच तर घोळ आहे, बाई बहात्तर वर्षांची, म्हणते नावाने बोलव. माझ्या तोंडून येतच नाही. आठ महिने मी तिला नावच न घेता बोलतेय, एक्सक्यूज मी, हाय, असं करून. परवा तिची पाठ होती तर मी घसा खाकरला

आज्जी (पिंट्या टाइप करतोय): तिने सांगितलंय तर म्हण नावाने. मोठ्या माणसाचं ऐकावं

आई: चिऊ तुझ्या त्या निमंत्रणात सहा ते नऊ लिहिलंयस म्हणे? हाकलायची वेळ पण सांगायची का आता

चिऊ: आई इथे लिहितात गं, पोराची झोपायची वेळ असते त्यांना बेबीसिटर वगैरे ठरवायचं असतं

नानाकाका (मिशिगन): उलट बरं असतं. आमच्या भागात तर खूण आहे, पाहुणा दोन्ही गुडघ्यांवर थाप मारून वेल, म्हणजे इंग्रजीतलं बरं तर, असं लांबवून म्हणाला की समजायचं निघाला. तेव्हा बसा हो बसा हो करायचं नाही. आणि काहीतरी घेऊन येऊ का विचारलं त्यांनी तर नाही म्हणू नकोस, सांग गोडाला फळं आणा किंवा बर्फ आणा. रिकाम्या हाताने येणं त्यांनाच अवघड जातं

चिऊ: वाईन आणली तर? आमच्याकडे कोणी घेत नाही

नानाकाका (मिशिगन): थँक यू म्हणायचं आणि ठेवायची. त्याच वेळी उघडायची सक्ती नाही, ती यजमानाला भेट असते. पण कागदात गुंडाळलेलं खास तुझ्यासाठी काही दिलं तर मात्र समोर उघड, ते वाट बघतात

आई: समोर?? आपण म्हणू आधाशासारखी

बाबूदादा (जर्मनी): इथे तर वाढदिवसाच्या आदल्या दिवशी शुभेच्छा दिल्या तरी तोंड पडतं लोकांचं, अपशकुन मानतात. मी उत्साहाने शुक्रवारीच दिल्या होत्या, वाढदिवस रविवारी म्हणून. आणि केक ज्याचा वाढदिवस त्यानेच आणायचा ऑफिसात. माझ्या पहिल्या वाढदिवसाला मी दिवसभर वाट बघत बसलो कोणी केक आणतंय का आणि ते सगळे माझ्याकडे बघतायत. शिवाय सहकाऱ्यांना म्हटलं मी तुम्हाला कॉफीला आमंत्रण देतो, नवीन शिकलेला शब्द वापरला, तर त्या शब्दाचा अर्थच पैसे मी देणार असा निघाला. अकरा जण होते

पिंट्या: दादा तू तिकडे शिकायला गेलास की लुटायला बसलास स्वतःला. काका मी ऑक्टोबरमध्ये येतोय तर हॉटेलात टीप किती द्यायची, वीस टक्के वगैरे ऐकलं, तो वाढपी काय मालक आहे का

नानाकाका (मिशिगन): अठरा ते वीस धर. आणि मालक नाही म्हणूनच. टीपवाल्या नोकरांना मालकाने द्यायचा केंद्राचा किमान पगार तासाला २ डॉलर १३ सेंट आहे, १९९१ पासून तेवढाच. काही राज्यांत जास्त आहे पण बऱ्याच ठिकाणी त्याचं घर टिपेवरच चालतं. टीप द्यायची नसेल तर हातात घेऊन जायचं पार्सल आण आणि घरी खा

पिंट्या: तुमच्याकडेच जेवेन काका. पहिल्यांदाच हो म्हणेन

(शनिवार, रात्री)

चिऊ: झालं!!! गेले. ऐका. सहा वाजून तीन मिनिटांनी बेल. फुलं, टरबुजाच्या फोडी आणि वाईन. चपला बाहेर काढा हे मी आधीच मेसेजमध्ये लिहिलं होतं म्हणून आजोबा नवीन मोजे घालून आले होते, टॅग चिकटलेला तळव्याला, आजींनी ओढून काढला. सगळं ठीक चाललेलं आणि मी पुऱ्या तळायला घेतल्या, तिसऱ्या पुरीला तो धुराचा अलार्म वाजायला लागला, कानठळ्या बसवणारा, पोरगं कान धरून सोफ्यामागे. मी खिडकी उघडायला धावले, हे स्टुलावर चढले, तर आजोबा शांतपणे उठले, ओट्यावरचं फडकं घेतलं आणि अलार्मखाली उभं राहून पंख्यासारखं हलवत बसले. म्हणाले आमच्याकडे दर थँक्सगिव्हिंगला हे माझंच काम

मंदामावशी: पण जेवले का नीट?

चिऊ: काकांचं वाक्य म्हटलं सुरुवातीला, हवं तेवढं घ्या. जावई चार वडे आणि साराच्या तीन वाट्या, कपात घेऊन प्यायला. आजोबांनी श्रीखंडाला नो थँक यू म्हटलं आणि मावशी माझी जीभ नुसती वळवळत होती गं, थोडंसं तरी, चाखून तरी बघा. गिळलं मी ते. पाच मिनिटांनी त्यांनी बायकोच्या वाटीतलं चमचाभर खाल्लं आणि स्वतःच उठून वाटी भरून आणली

आज्जी (पिंट्या टाइप करतोय): जीभ वळवळू दे. पुढच्या वेळी एकदा म्हण. एकदाने कोणी मरत नाही

चिऊ: आणि काका, नऊला पाच कमी होते, आजोबांनी खरंच गुडघ्यावर थाप मारली. वेऽऽल. मला हसू आवरेना. दोन मिनिटांत दाराबाहेर. दारात उभं राहून गप्पा नाहीत, काही नाही. मीच चपला घालून त्यांच्या मागे फाटकापर्यंत गेले, तर त्यांना वाटलं काहीतरी विसरलं त्यांचं. उरलेला मसालेभात मी डब्यात भरून दिला, आधी विचारलं, नेणार का, हो म्हणाले लगेच पहिल्या फटक्यात

आई: कुठला डबा दिलास? स्टीलचा नाही ना

चिऊ: झाकणाला कडी असलेला. तू दिलेला

आई: चिऊ!

(मंगळवार)

चिऊ: डबा आला परत. सकाळी दाराशी ठेवलेला. चकचकीत घासून

मंदामावशी: आत काय

चिऊ: कार्ड. हाताने लिहिलेलं, भाताबद्दल आणि अलार्मबद्दल, आणि पोराने वड्याचं चित्र काढलंय, म्हणजे मला वाटतं वडाच आहे

मंदामावशी: म्हणजे तसा रिकामाच. चिमूटभर साखर तरी घालायची माणसाने

नानाकाका (मिशिगन): अगं त्यांच्यात कार्डच घालतात

आई: कार्ड फ्रिजवर लाव. आणि डबा रिकामा पाठवू नकोस हं परत, काहीतरी घालून दे

चिऊ: आई, डबा आपला आहे