बीएएमएस झालेली सीएचओ, परदेशात एमपीएच करायचं आहे: अर्जाचा आणि पैशांचा क्रम कसा लावावा?

जतची_सीएचओ:
नमस्कार मंडळी. शिक्षण बीएएमएस, नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाचं. जत तालुक्यात उपकेंद्रावर कंत्राटी सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी), तीन वर्षं पूर्ण होत आली. पुढच्या वर्षी सप्टेंबरला एमपीएचला (सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी) लागायचं आहे. पहिली पसंती लंडन स्कूल ऑफ हायजीन अँड ट्रॉपिकल मेडिसिन, नाहीतर अमेरिका. ओबीसी, नॉन क्रिमीलेअर आहे, घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत. वडिलांच्या नावावर साडेतीन एकर, शिवाय गावठाणात घर आहे. बँकेत विचारलं तर "सातबारा तारणाला चालत नाही" एवढंच सांगितलं. आधी कॉलेज ठरवू की शिष्यवृत्ती? आणि कागदपत्रांत नेमकं कुठे अडकतं? लग्नानंतर पासपोर्टवर आडनाव बदललंय, तेही सांगून ठेवते.

कृष्णाकाठ:
ताई, आधी पैसा, मग कॉलेज. उलटं केलं की काय होतं ते तुमच्या पहिल्याच पसंतीवरून दिसेल.

राज्याच्या इतर मागास बहुजन कल्याण विभागाची परदेश शिष्यवृत्ती आहे. तिची मुख्य अट म्हणजे विद्यापीठ क्यूएस या संस्थेच्या जागतिक क्रमवारीत पहिल्या २०० मध्ये हवं. लंडन स्कूल सार्वजनिक आरोग्यात जगात नावाजलेलं, पण ती एकाच विषयाची संस्था. क्यूएसच्या सर्वसाधारण यादीत एकविषयी संस्था धरतच नाहीत, त्यामुळे तिथे ते नाव सापडणार नाही. स्वीडनच्या कॅरोलिन्स्काचंही तेच. विषयवार क्रमवारीची प्रिंट जोडून भागत नाही. म्हणजे ऑफर हातात असूनही अर्ज छाननीतच बाद. एडिनबरा, ग्लासगो, शेफील्ड, नॉटिंगहॅम ही २०० च्या आतली आहेत आणि चौघांकडे एमपीएच आहे. ज्या वर्षीची जाहिरात, त्यात सांगितलेल्या वर्षाचीच क्रमवारी बघा.

केंद्राच्या नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिपला ५०० पर्यंतची क्रमवारी चालते, म्हणून बरेच जण तिकडे धावतात. पण ती अनुसूचित जाती, विमुक्त व भटक्या जमाती, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर यांच्यासाठी आहे. ओबीसी म्हणून तुम्ही त्यात बसत नाही, आणि साडेतीन एकर असल्यामुळे भूमिहीनही नाही. (वाचणाऱ्या इतरांसाठी: अनुसूचित जातींसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती, मराठा समाजासाठी सारथीची. क्रमवारीची भानगड तिथेही आहे.)

राज्याच्या योजनांची खरी गोची वेळेची. जाहिरात उन्हाळ्याच्या शेवटी किंवा पावसाळ्याच्या तोंडावर निघते, निवड यादी लागेपर्यंत इंग्लंडचं सत्र सुरू व्हायला आलेलं असतं. मधल्या काळात विद्यापीठ डिपॉझिट मागतं, ते भरल्याशिवाय व्हिसासाठी लागणारं कॅस पत्र (प्रवेश पक्का झाल्याचं) देत नाही. म्हणून शिष्यवृत्तीच्या भरवशावर न राहता कर्जाची मंजुरी समांतर काढून ठेवायची. उत्पन्नाचा दाखला ३१ मार्चला संपतो. फेब्रुवारीत काढलेला दाखला जूनच्या अर्जाला जोडणारे दरवर्षी भेटतात.

लंडन स्कूलच हवं असेल तर चेव्हनिंग या ब्रिटिश सरकारच्या शिष्यवृत्तीकडे बघा. त्याला क्रमवारीची अट नाही. किमान २,८०० तास काम झालेलं लागतं, साधारण दोन वर्षं पूर्णवेळ. तुमचं झालंय, पण कंत्राटी आदेश ११ महिन्यांचे आणि मध्ये एक दिवसाचा खंड असा प्रकार असतो. प्रत्येक आदेशाची प्रत आणि जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाचा एकत्रित अनुभव दाखला आत्ताच घ्या. अर्ज ऑगस्टमध्ये उघडतो, शरद ऋतूत बंद होतो, म्हणजे सत्र सुरू व्हायच्या जवळपास वर्षभर आधी. तीन अभ्यासक्रम भरता येतात आणि शिकून झाल्यावर दोन वर्षं भारतात राहावं लागतं.

अमेरिकेसाठी फुलब्राइट-नेहरू मास्टर्स फेलोशिप. सार्वजनिक आरोग्य त्यांच्या विषयांत आहे. चार वर्षांची पदवी आणि तीन वर्षांचा पूर्णवेळ अनुभव लागतो. तीन वर्षांची बीएस्सी असलेल्यांना इथे आधी एमएस्सी किंवा पूर्णवेळ पदव्युत्तर पदविका लागते, बीएएमएसला ती अडचण नाही. तुमचं अडेल ते अनुभवावर: "पूर्ण होत आली" आणि "पूर्ण झाली" यात फरक करतात.

माणदेशी_माणूस:
कागदांबद्दल. अमेरिकेतली बहुतेक सार्वजनिक आरोग्य महाविद्यालयं सोफास या एकाच पोर्टलवरून अर्ज घेतात. परदेशी पदवीचं मूल्यांकन डब्ल्यूईएस या पदव्या तपासणाऱ्या संस्थेकडून, विषयवार आणि आयकॅप प्रकारचं (पडताळलेल्या ट्रान्सक्रिप्टसकट) लागतं. गुणपत्रिका स्वतः स्कॅन करून टाकल्या तर चालत नाहीत, विद्यापीठाने दिलेली ट्रान्सक्रिप्ट लागते. कॉलेजच्या ऑफिसातून शिक्का मारून आणलेला कागद म्हणजे ट्रान्सक्रिप्ट नव्हे. नाशिक, तिथून डब्ल्यूईएस, मग सोफासची स्वतःची पडताळणी, जिला चार आठवडेही लागतात. डिसेंबरची मुदत असेल तर नाशिकचा अर्ज जुलै-ऑगस्टमध्ये गेलेला बरा.

नावाचा घोळ. आपल्याकडे गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडिलांचं. पासपोर्टवर स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं एका रकान्यात, आडनाव दुसऱ्यात. तुमच्या बाबतीत मधलं नाव आणि आडनाव दोन्ही वेगळी. डब्ल्यूईएसचं खातं, सोफासचा अर्ज, आयईएलटीएस, कर्जाचा अर्ज, सगळीकडे नाव पासपोर्टवर आहे अक्षरशः तसंच भरा आणि "पूर्वीचं नाव" या रकान्यात गुणपत्रिकेवरचं. तो रकाना लोक रिकामा सोडतात आणि ट्रान्सक्रिप्ट "जुळत नाही" म्हणून पडून राहते. विवाह नोंदणी दाखला इंग्रजीत काढून ठेवा. राजपत्रातली नावबदलाची नोंद केली असेल तर दुधात साखर.

शिफारसपत्रं: किमान दोन लागतात, तिसरं हाताशी असू द्या. एक कॉलेजच्या प्राध्यापकांचं, एक तालुका आरोग्य अधिकाऱ्यांचं. पत्र तुमच्या हातात द्यायचं नसतं, त्यांच्या ईमेलवर लिंक जाते. साहेबांचा पत्ता जीमेलचा असेल तर विद्यापीठाला शंका येते. कार्यालयाचा सरकारी ईमेल द्या आणि तो रोज उघडतं कोण हे विचारून घ्या, बहुतेकदा डेटा एन्ट्री ऑपरेटर. त्यालाच आधी सांगून ठेवलं तर लिंक स्पॅममध्ये मरत नाही.

आणखी एक: अमेरिकेत नुसतं "पब्लिक हेल्थ" या विषय-कोडखालची पदवी स्टेममध्ये (विज्ञान-तंत्रज्ञान विषयांच्या सरकारी यादीत) येत नाही, एपिडेमिऑलॉजी आणि बायोस्टॅटिस्टिक्स येतात. शिकून झाल्यावर कामाची परवानगी एक वर्ष की तीन, हा फरक त्यावर ठरतो. कर्ज काढून जाणाऱ्याने हा कोड विद्यापीठाला ईमेल करून विचारावाच.

जतची_सीएचओ:
क्रमवारीचं माहीतच नव्हतं, धन्यवाद. तारणाचं कोणी सांगेल का? घर आजोबांच्या नावावर आहे, ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा आहे.

तारण_गहाण:
सातबारा का चालत नाही: कर्ज थकलं तर बँक सरफेसी कायद्याखाली कोर्टात न जाता तारण विकू शकते, पण त्याच कायद्याच्या कलम ३१ मध्ये शेतजमीन वगळली आहे. म्हणून बिगरशेती प्लॉट, फ्लॅट, सिटी सर्व्हेतलं घर किंवा मुदत ठेव मागतात. बागायत असली आणि म्हैसाळ उपसा योजनेचं पाणी आलं असलं तरी उत्तर तेच.

नमुना ८ हा घरपट्टीचा कागद आहे, मालकीचा नाही. स्वामित्व योजनेत तुमच्या गावठाणाची ड्रोन मोजणी झाली असेल तर भूमी अभिलेखच्या तालुका कार्यालयातून मिळकत पत्रिका काढा. तिच्यावर आजोबांचं नाव असेल तर आधी वारसनोंद. काका-आत्या हिस्सेदार असतील तर त्या सगळ्यांच्या सह्या लागतात, आणि वेळ जातो तो इथे, बँकेत नाही. त्यानंतर बँकेच्या वकिलाचा सर्च रिपोर्ट आणि मूल्यांकन. गावठाणातल्या घराची किंमत कमीच निघते हे धरून चला.

बँक संघाच्या आदर्श योजनेत ४ लाखांपर्यंत तारण नाही, साडेसात लाखांपर्यंत जामीनदार, त्यापुढे तारण. परदेशासाठी १५ टक्के स्वतःचे घालावे लागतात, शिष्यवृत्ती त्यात धरता येते. सहकर्जदार शेतकरी असेल आणि विवरणपत्र भरत नसेल तर कारखान्याच्या ऊसबिलाच्या नोंदी असलेलं खातं उपयोगी पडतं, तरी नोकरदार सहकर्जदार (नवरा, भाऊ) असला तर फाईल हलते.

आकडा मांडून बघा. २५ लाख, १० टक्के. शिकण्याचं एक वर्ष आणि वरची एक वर्षाची सवलत, या दोन वर्षांत साधं व्याजच ५ लाख. ते भरलं नाही तर ३० लाखांवर १५ वर्षांचा हप्ता साधारण ३२,२०० रुपये. सीएचओला मूळ २५ हजार आणि कामगिरीवर १५ हजारांपर्यंत मिळतात, म्हणजे परत याच पदावर आलात तर हप्ता भरून हातात फारसं काही उरत नाही. इंग्लंडचा पदवीनंतरचा व्हिसाही १ जानेवारी २०२७ पासूनच्या अर्जांना दोन वर्षांऐवजी १८ महिन्यांचा आहे. व्याजाला आधार म्हणून ओबीसी महामंडळाची शैक्षणिक कर्ज व्याज परतावा योजना बघा: परदेशासाठी २० लाखांपर्यंतचं कर्ज, हप्ता वेळेवर भरला तरच परतावा.

व्हिसासाठी स्वतःची रक्कम दाखवणार असाल तर ती खात्यात सलग २८ दिवस हवी, एक दिवसही कमी झाली तर नकार. बँकेच्या शैक्षणिक कर्जाच्या पत्राला ही अट नाही. कर्जातून फी पाठवली तर टीसीएसही (परदेशी पैसे पाठवताना कापला जाणारा कर) कापत नाहीत.

वाईकर:
वरचा हप्त्याचा हिशोब बघून एवढंच म्हणेन की देशातलेही दोन अर्ज भरून ठेवा. त्रिवेंद्रमच्या श्री चित्रा संस्थेतलं अच्युत मेनन केंद्र, पुदुच्चेरीचं जिपमेर, चंदीगडचं पीजीआय. आयुषवाल्यांना तिथे एमपीएचचं दार बंद नाही. निवडक संस्थांसाठी पीएम विद्यालक्ष्मीतून विनातारण कर्ज मिळतं, आठ लाखांच्या आत उत्पन्न असेल तर १० लाखांपर्यंत व्याजात ३ टक्के सवलत. ही योजना फक्त देशातल्या संस्थांसाठी आहे.

एसओपीबद्दल (अर्जासोबतचं उद्देशपत्र) कोणी बोललं नाही म्हणून. "कोविडमध्ये मला सार्वजनिक आरोग्याचं महत्त्व कळलं" हे वाक्य प्रत्येक अर्जात असतं, खोडा. त्याऐवजी रोज नोंदवहीत दिसणारी एक अडचण घ्या. उदाहरणार्थ, ऊसतोडीला आलेल्या टोळीतलं दीड वर्षाचं मूल. लसीकरणाचं कार्ड बीडच्या गावी राहिलेलं, आई म्हणते "दंडात दिलीय, मांडीत दिलीय", यू-विन या लसीकरणाच्या सरकारी पोर्टलवर नोंद सापडत नाही कारण मोबाइल नंबर बदललाय. एमआरचा (गोवर-रुबेला लसीचा) दुसरा डोस राहिलाय की नोंदच राहिलीय, हे ठरवायचं कसं? हंगामात अशी किती मुलं आली आणि किती जणांची नोंद सापडली हा तुमच्याच वहीतला आकडा टाका, मुलांची नावं नकोत. मग लिहा की याचं उत्तर काढायला कोणता विषय शिकायचाय आणि तो त्या विद्यापीठात कोणत्या पेपरात आहे. सोफासला मर्यादा १,५०० शब्दांची आहे, पण त्यातले सातशे बालपणावर घालवू नका.

माणदेशी_माणूस:
वाईकरांच्या मुद्द्याला जोड: तो आकडा देण्याआधी वैद्यकीय अधिकाऱ्यांना दाखवा. शिफारसपत्रात साहेब एक आकडा लिहितात आणि एसओपीत दुसरा असतो, हे छाननीत लगेच दिसतं.

जतची_सीएचओ:
उद्याच भूमी अभिलेखला जाते, मिळकत पत्रिका निघाली आहे का ते बघते. नाशिकच्या ट्रान्सक्रिप्टचा अर्ज या आठवड्यात. दोन आत्या आहेत, सह्यांचं काय होतं ते इथेच कळवेन.