'हीरोज': पहिल्या सीझनवर थांबावं की पुढे बघावं?

कंदील:
अचानक अलौकिक शक्ती मिळालेल्या सामान्य माणसांची, एनबीसी या अमेरिकन वाहिनीवरची मालिका 'हीरोज' (२००६–२०१०) नव्याने बघायला घेणाऱ्यांना माझं ठाम सांगणं आहे: पहिल्या सीझनचे २३ भाग बघा आणि थांबा. (खाली कथानक फुटणार आहे.)

पीटर, त्याचा भाऊ नेथन, क्लेअर, मॅट, निकी, टोकियोचा हिरो (हे त्याचं नावच), चेन्नईचा मोहिंदर... एवढी माणसं वेगवेगळ्या शहरांत, पण सगळे एकाच प्रश्नाकडे ओढले जातात: न्यूयॉर्कचा स्फोट कसा टळणार? सुरुवातीला कोण कुठला हेच कळत नाही आणि बरेच जण तिथेच सोडून देतात. म्हणून पहिले चार भाग दोन दिवसांत संपवा. नववा आणि दहावा पाठोपाठ बघा. नवव्यात सायलर, म्हणजे इतरांना मारून त्यांच्या शक्ती घेणारा खलनायक, क्लेअरच्या शाळेत पोचतो, दहाव्यात सहा महिने मागे जाऊन तो असा का झाला ते कळतं. सतरावा, 'कंपनी मॅन', मात्र घाईत उरकू नका. सगळे धागे बाजूला ठेवून तो फक्त क्लेअरच्या बेनेट कुटुंबाला धरून राहतो, आणि मालिकेतला सर्वोत्तम भाग तोच.

हिरो आणि त्याचा मित्र अँडो जपानीत बोलतात तेव्हा इंग्रजी ओळी बोलणाऱ्याच्या जवळ उमटतात. डब केलेली आवृत्ती घेतलीत तर ही गंमत जाते.

रातवा:
दुसरा सीझन उगाच बदनाम झालाय. ५ नोव्हेंबर २००७ला अमेरिकेत लेखकांचा संप सुरू झाला आणि सीझन ११ भागांतच गुंडाळावा लागला. मूळ बेतात जीवघेण्या विषाणूची कुपी फुटून साथ पसरणार होती. संपामुळे शेवट बदलून पीटर ती झेलतो असं दाखवलं. साथीच्या भविष्यकाळात अडकलेली पीटरची प्रेयसी केटलिन कायमची लटकली ती त्यामुळेच. सुरुवात रेंगाळते हे मान्य, निर्माते टिम क्रिंग यांनीही ते तेव्हा कबूल केलं होतं. पण आठवा भाग 'फोर मंथ्स अगो' आणि नववा 'कॉशनरी टेल्स' पहिल्या सीझनच्या तोडीचे आहेत. जेमतेम आठ तासांचा मामला आहे, बघाच.

चौकोन:
संपाने नुकसान केलं, पण दुखणं आधीचं आहे. पीटर जवळ येईल त्याची शक्ती उचलतो, हिरो काळच थांबवतो. असे दोघे मोकळे असतील तर कुठलाही पेच टिकणार नाही. मग लेखकांना त्यांना अडकवावं लागतं. दुसऱ्या सीझनमध्ये हिरो १६७१च्या जपानात आणि पीटर स्मृती गेलेला. तिसऱ्यात हिरोचं मन दहा वर्षांच्या मुलाचं आणि पीटरच्या शक्ती बापाने काढून घेतलेल्या. दर वेळी तीच युक्ती! पहिल्या सीझनच्या शेवटीही हेच नडलं. स्फोट होणार तो पीटरचाच, आणि शहर वाचवायला उडू शकणारा नेथन त्याला आकाशात नेतो; पण पीटरला स्वतःला उडता येत असताना नेथनने त्याला उचलून का न्यावं?

क्रिंग यांची मूळ कल्पना दर सीझनला नवी पात्रं आणण्याची होती. जुनी लोकप्रिय झाली म्हणून ठेवली, आणि ती ठेवण्याची किंमत पुढचे सगळे सीझन मोजत राहिले. सायलर तर पहिल्या सीझनच्या शेवटी मरायलाच हवा होता.

रातवा:
सायलरबद्दल सहमत. तरी तिसऱ्या सीझनमधून किमान दोन भाग निवडून बघावेत: विसावा 'कोल्ड स्नॅप' आणि तेविसावा '१९६१'. 'कंपनी मॅन' लिहिणारे ब्रायन फुलर मधे मालिका सोडून गेले होते; 'कोल्ड स्नॅप' त्यांनी परत येऊन लिहिलाय, आणि तो हात लगेच ओळखू येतो.

कंदील:
निवडून बघणं इथे जमणारच नाही. 'कोल्ड स्नॅप'मध्ये गोठवणारी ट्रेसी आहे. निकी साकारणारी अभिनेत्री अली लार्टरच त्या भूमिकेतही दिसत असल्याने पहिला सीझन बघून थेट तिथे आलेला माणूस तिला निकी समजेल आणि निकीच्या मुलाशी, मायकाशी, ती आईसारखी का वागत नाही, यातच अडकेल. '१९६१'मध्ये पीटरच्या आईच्या, अँजेलाच्या, जुन्या गोष्टीला वजन येतं ते नवऱ्याने, म्हणजे आर्थरने, आधी काय केलं ते माहीत असेल तर. म्हणजे या दोन भागांसाठी तिसऱ्या सीझनचे आधीचे जवळपास सगळे भाग बघणं आलं.

चौकोन:
मग दुसऱ्या सीझनच्या शेवटापर्यंत जा आणि डीव्हीडीवरचा साथ पसरण्याचा पर्यायी शेवट बघून थांबा. मूळ बेत कुठे चालला होता ते निदान त्यातून कळतं.